विद्यापीठाचा लौकिक : भांडे वाजवून घ्यावे

आपले लोधीखेडा एके काळी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव होते. त्या काळची जाणती गृहिणी भांड्याच्या चकाकीवर विसंबून राहत नसे. ती भांडे बोटांवर तोलून दुसऱ्या हाताने वाजवून पाही आणि त्याच्या नादावरून धातूचा कस ओळखी. आज आपल्या मुलांच्या शिक्षणाचा सौदा त्या भांड्यापेक्षा सहस्रपट महाग झाला आहे; परंतु तो करताना वाजवून पाहण्याची सवय मात्र आपण हरवून बसलो आहोत, असे मला वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

निमित्त घडले ते असे. ज्याला मी पाळण्यात असताना लस टोचली होती, असा एक तरुण गेल्या वर्षी आपल्या वडिलांसमवेत दवाखान्यात आला. तो बी. एस्सी. झालेला होता. वडिलांच्या हातात ब्रिटनमधील एका नव्या विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक होते. वडील संत्र्यांचे बागायतदार. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोट्टं इंग्लंडला जातो म्हणते. बागेतला अर्धा तुकडा विकावा लागते. हे विद्यापीठ चांगलं आहे काय, तेवढं सांगा."

मी निरुत्तर झालो. तीस वर्षे मुलांची वजने-उंची मोजण्यात गेली; विद्यापीठ मोजायचे कसे, हे मला कोणी शिकवलेले नव्हते. म्हणून मी त्यांच्याकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि स्वतःच अभ्यासाला बसलो. त्या अभ्यासाचे सार सहकारी डॉक्टरांपुढे आणि गावकऱ्यांपुढे ठेवीत आहे.

क्रमवारी म्हणजे काय?

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर जागतिक क्रमवारीतील स्थान ठळक छापलेले असते. अशा क्रमवाऱ्या तशा अलीकडच्या आहेत. शांघायची क्रमवारी २००३ मध्ये सुरू झाली, क्यूएसची २००४ मध्ये. आपल्या देशाची एनआयआरएफ क्रमवारी प्रथम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. क्यूएसच्या क्रमवारीत दीर्घकाळ ४० टक्के गुण हे जगभरातील प्राध्यापकांच्या मताला होते. २०२४ च्या आवृत्तीपासून ते ३० टक्के करण्यात आले. म्हणजे ज्याला आपण मोजमाप समजतो, त्यातला मोठा वाटा हा 'लोक काय म्हणतात' याचाच असतो. ताप हाताने पाहणे आणि तापमापीने मोजणे यांतला फरक आपण वैद्यक व्यावसायिक जाणतो. हाताने पाहिलेला ताप खोटा नसतो. परंतु त्यावर औषधाची मात्रा ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते, मुलगा मात्र एका विभागात शिकतो. ब्रिटनमध्ये शासकीय पातळीवर संशोधनाचे मूल्यमापन होते; अलीकडची दोन २०१४ आणि २०२१ मधली. त्यांचे निकाल विषयवार जाहीर होतात. अध्यापनाच्या दर्जासाठी सुवर्ण, रौप्य व कांस्य अशा श्रेणी दिल्या जातात. ही माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते. दलालाच्या कार्यालयात ती सहसा दाखवली जात नाही.

ब्रिटनमधील पुष्कळशी नवी विद्यापीठे १९९२ च्या कायद्याने अस्तित्वात आली. पूर्वी ती पॉलिटेक्निक होती. त्यामुळे ती कमी प्रतीची ठरतात असे मुळीच नाही. परिचर्या, आरेखन, अभियांत्रिकी अशा हाताला काम देणाऱ्या विषयांत त्यांपैकी काहींची कामगिरी उत्तम आहे. परंतु अर्थकारणही समजून घ्यावे. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शुल्कावर शासनाची मर्यादा आहे. २०१७ पासून २०२५ पर्यंत ती वर्षाला ९,२५० पौंडांवरच अडकून होती. परदेशी विद्यार्थ्याच्या शुल्काला तशी मर्यादा नाही. खर्च वाढत राहिला आणि तूट भरून काढण्यासाठी परदेशी विद्यार्थी हवेसे झाले. आपल्या गावापर्यंत माहितीपत्रके पोहोचतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

शिक्षणानंतर तेथे काम करण्याच्या सवलतीवर घराचा हिशेब मांडणाऱ्यांनी अधिक सावध असावे. ही सवलत २०१२ मध्ये बंद झाली, २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा सुरू झाली, आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिन्यांची मर्यादा ठरवण्यात आली. बागेतील झाड फळाला यायला लागणाऱ्या काळात तेथील नियम दोनदा पालटू शकतो.

खेळ : लफबरोचे उदाहरण

माहितीपत्रकात मैदाने आणि जलतरण तलाव यांची छायाचित्रेही भरपूर होती. खेळामुळे विद्यापीठाचा लौकिक कसा वाढतो, याचे ब्रिटनमधील ठळक उदाहरण म्हणजे लफबरो. १९०९ मध्ये लहानशी तंत्रशिक्षण संस्था म्हणून तिचा प्रारंभ झाला. पहिल्या महायुद्धात तेथे कार्यशाळेत प्रत्यक्ष उत्पादन करीत शिक्षण देण्याची पद्धत रुजली. १९६६ मध्ये ते विद्यापीठ झाले. सेबॅस्टियन को आणि पॉला रॅडक्लिफ हे विख्यात धावपटू तेथलेच विद्यार्थी. क्रीडाविषयक अभ्यासक्रमांच्या क्यूएस क्रमवारीत २०१७ पासून अनेक वर्षे सलग लफबरो पहिले आले.

लक्षात घेण्याजोगी बाब अशी की को तेथे अर्थशास्त्र शिकला आणि रॅडक्लिफ युरोपीय भाषा. रॅडक्लिफने तर प्रथम श्रेणी मिळवली. तेथे खेळ ही अभ्यासातून पळवाट नव्हती. शरीरक्रियाशास्त्र, आहार, दुखापती, क्रीडासाहित्याची अभियांत्रिकी या सर्वांची मैदानाशी सांगड घातली गेली. आपल्याकडे अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९६९ ची, आंतरविद्यापीठीय क्रीडानैपुण्याचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक वीसहून अधिक वेळा जिंकला आहे. तेव्हा हे केवळ इंग्रजांनाच साधते असे नव्हे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून येथे एक पोटतिडकीचा शब्द. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे दमछाक होईल असे खेळावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपली मुले नववीत खेळ सोडतात आणि शिकवणीला बसतात. अशा मुलाला लफबरोचे मैदान दाखवून काय उपयोग? विद्यापीठाच्या खेळाची पारख करताना मैदान किती मोठे आहे हे विचारू नये. संघात नसलेल्या सामान्य विद्यार्थ्याला तेथे खेळायला मिळते का, हे विचारावे.

आपले विद्यापीठ : सागर

ब्रिटिश विद्यापीठांचा अभ्यास करताना मला वारंवार आपल्याच सागर विद्यापीठाची आठवण होत गेली. आपण सीमेवरची माणसे. आपली भाषा मराठी, बाजारहाट नागपूरची, दवाखानाही नागपूरचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपली सौंसर तहसील मध्य प्रदेशात राहिली. मन नागपूरकडे, कागद भोपाळकडे अशी आपली स्थिती झाली. परिणामी ज्या विद्यापीठाशी छिंदवाडा जिल्ह्यातील महाविद्यालये वर्षानुवर्षे संलग्न होती, त्या सागरविषयी आपल्याला आपलेपणा कधी वाटलाच नाही. माझे स्वतःचे शिक्षण जबलपूरला झाले. मीही या दोषातून मुक्त नाही.

सागरचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. संस्थापक डॉ. हरिसिंह गौर यांचा जन्म सागरचा, १८७० मधला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आणि पुढे केंब्रिजला शिकून ते बॅरिस्टर झाले. नागपुरात त्यांनी वकिली केली, दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले, नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरुपद त्यांनी भूषवले. आयुष्यभराच्या कमाईतून सुरुवातीला वीस लाख रुपये देऊन १८ जुलै १९४६ रोजी त्यांनी सागर विद्यापीठ स्थापले. सैन्याने सोडलेल्या बराकींत वर्ग भरू लागले. पुढे ते पथरिया टेकडीवर गेले. १९४९ मध्ये गौर निवर्तले. १९८३ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले आणि २००९ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ झाले. छिंदवाड्याला २०१९ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. त्याला आता राजा शंकरशाह यांचे नाव आहे.

परंतु इतिहास म्हणजे कस नव्हे. म्हणून भांडे वाजवून पाहू.

भूगर्भशास्त्रात 'सौंसर मालिका' या नावाने ओळखला जाणारा अतिप्राचीन खडकांचा समूह आहे. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत तो पसरला असून आपल्याकडचे मँगनीज त्यातलेच. नागपूर जिल्ह्यातील या खडकांच्या घड्यांचा उलगडा विल्यम डिक्सन वेस्ट या इंग्रज भूवैज्ञानिकाने केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुखपद भूषवून निवृत्त झाल्यावर ते मायदेशी परतले नाहीत. सागर विद्यापीठात आले, तेथील भूविज्ञान विभाग त्यांनी नावारूपाला आणला, आणि १९९४ मध्ये अखेरचा श्वासही सागरलाच घेतला. आपल्या तहसिलीचे नाव जगभरच्या भूविज्ञानाच्या ग्रंथांत आहे, हे आपल्या किती मुलांना ठाऊक असेल?

दुसरे उदाहरण आपल्या व्यवसायाचे. १९५९ मध्ये सागरला गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग सुरू झाला. देशातील विद्यापीठांत तो पहिला. राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळाही सागरलाच आहे. विषबाधेच्या संशयित प्रकरणात 'व्हिसेरा सागरला पाठवला' हे वाक्य आपण सर्वांनी शासकीय नोंदींत वाचले आहे. त्यामागे कोणती ज्ञानपरंपरा आहे याचा विचार मात्र केला नाही. तिसरे, मानवशास्त्र. श्यामाचरण दुबे यांच्यासारखा विद्वान तेथे शिकवीत असे. औषधनिर्माणशास्त्राचा विभागही देशातील जुन्यांपैकी आहे.

नागपूरबाबतही हीच कसोटी लावता येते. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकल पेशींविषयीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. ज्या आजाराच्या लेकरांच्या सांध्यांच्या वेदना मी आजही दवाखान्यात पाहतो, त्याकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्यांत ते अग्रभागी होते. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान त्यानंतर पासष्ट वर्षांनी, २०२३ मध्ये, मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. विद्यापीठाचा खरा लौकिक मला येथे दिसतो : आपल्या भोवतालची माती आणि माणसे यांच्याविषयी त्याने जगाला काय नवे सांगितले?

याचा अर्थ जुन्या पुण्याईवर आज प्रवेश घ्यावा असा नाही. वेस्ट गेले, दुबे गेले. आज त्या विभागात कोण शिकवतो, किती पदे रिक्त आहेत, प्रयोगशाळा किती तास उघडी असते, हे सागरलाही विचारलेच पाहिजे. लौकिक ही पूर्वजांची कमाई असते. ती वाढते आहे की खर्ची पडते आहे, हे प्रत्येक पिढीने तपासून घ्यायचे असते.

पाच प्रश्न

पंधरा दिवसांनी मी त्या पिता-पुत्रांना पाच प्रश्न लिहून दिले. तेच येथे देतो. पहिला : ज्या विभागात शिकायचे त्यात प्रत्यक्ष शिकवणारे कोण, आणि त्यांचे अलीकडचे काम कोणते? दुसरा : मागील दोन वर्षांत उत्तीर्ण झालेले आपल्या भागातले विद्यार्थी आज काय करीत आहेत, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? तिसरा : शुल्क, राहणे आणि परतीचा प्रवास मिळून एकूण खर्च किती, आणि तेथे नोकरी मिळालीच नाही तर तो कसा फिटेल? चौथा : आजारपण, एकटेपणा, खेळ यांची व्यवस्था काय? पाचवा : हाच विषय आपल्या देशात याहून चांगला कोठे शिकवला जातो?

हे प्रश्न दलालामार्फत न विचारता मुलाने स्वतः विभागाला लिहून विचारावेत, एवढी अट मी घातली. मुलाने पत्र लिहिले. शुल्क आणि वसतिगृह यांविषयी दुसऱ्याच दिवशी सविस्तर उत्तर आले. शिकवणार कोण आणि पूर्वीचे विद्यार्थी कोठे आहेत, या दोन प्रश्नांवर मात्र तिकडून पुन्हा माहितीपत्रकच आले.

तो तरुण अजून विचार करतो आहे. ब्रिटनमधील आणखी दोन विद्यापीठांना त्याने तेच प्रश्न पाठवले आहेत, आणि सागरलाही. कदाचित तो जाईलही. जावे, डोळसपणे गेलेल्याला माझा विरोध नाही. त्याच्या वडिलांनी बाग तूर्त विकलेली नाही.

आपल्या संस्थेने वर्षातून एक रविवार अशा पालकांसाठी राखून ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. आपल्यातील कोणी नागपूरला शिकले, कोणी जबलपूरला, कोणाची मुले परदेशात आहेत. लस टोचून आपण ज्यांना वाढवले, त्यांच्या पुढच्या वळणावर तासभर बसणे हेही आपल्याच कामाचा भाग आहे, असे मी मानतो.