गाण्याचा पत्ता

गाण्यावरची आपली पुस्तकं बहुतेक करून गवयाची असतात. त्याची तालीम, घराणं, गुरूची माया आणि गुरूचा मार, गाजलेल्या मैफली. हा ऐवज मोलाचाच आहे. पण गवई मुंबईत आला तेव्हा उतरला कुठे, खोलीचं भाडं कोण भरत होतं, त्याचा रियाज ऐकून शेजारी वैतागत होते की दारात येऊन बसत होते, हे त्यात क्वचित येतं. गेल्या वीस-बावीस वर्षांत मुंबईच्या संगीतावर जी उत्तम पुस्तकं आली, त्यांनी नेमकं हेच विचारलं. म्हणून ती एकाच वेळी गाण्याची आणि शहराची पुस्तकं झाली. ती वाचताना एक गोष्ट पटत जाते: गाण्याचा पत्ता ठाऊक नसेल तर गाणं अर्धंच कळतं.

ख्यालाची घराणी ग्वाल्हेर, आग्रा, किराणा अशी गावांची नावं लावतात. एका घराण्याच्या नावात मात्र मुंबईतली वस्ती आहे. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू उत्तर प्रदेशातल्या बिजनौरकडचे. ते भेंडीबाजारात राहिले आणि त्यांचं गाणं भेंडीबाजार घराण्याचं म्हणून ओळखलं गेलं. दरबार ओसरत असताना अशी माणसं मुंबईकडे का वळली, हे अनीश प्रधान यांच्या ‘हिंदुस्तानी म्युझिक इन कलोनियल बॉम्बे’ (2014) या पुस्तकातून नीट उलगडतं. इथे राजा नव्हता, पण शेटिये होते, मंडळ्या होत्या, पुढे तिकीट काढून गाणं ऐकणारेही आले. पारशी मंडळींनी 1870 मध्ये गायन उत्तेजक मंडळी काढली. तरुण भातखंडे याच मंडळीत दाखल झाले. पलुस्करांनी लाहोरात सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय 1908 मध्ये मुंबईत आलं. जानकी बखले यांचं ‘टू मेन अँड म्युझिक’ (2005) या दोघांवर आहे. संगीताला राष्ट्राचं आणि शाळेचं रूप मिळताना मुसलमान उस्ताद कसे कडेला सारले गेले, हा त्यांचा मुद्दा झोंबणारा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

प्रा. बी. आर. देवधरांचं ‘थोर संगीतकार’ या सगळ्याच्या आधीचं, आणि मराठीतलं. देवधरांची संगीतशाळा ऑपेरा हाउसजवळ होती. कुमार गंधर्व कोवळ्या वयात तिथेच शिकायला आले. देवधरांनी बुवा-खाँसाहेबांना जवळून पाहिलं होतं. म्हणून त्यांच्या लिखाणात थोरवीबरोबर माणसाची बैठक, लहर आणि बोलण्याची ढब उतरते. ज्या गिरगावात या बुवा-खाँसाहेबांना ऐकणारे कानसेन वाढले, त्या परिसराचा अभ्यास तेजस्विनी निरंजना यांनी ‘म्युझिकोफिलिया इन मुंबई’ (2020) मध्ये केला आहे. गाण्याचं वेड वेगवेगळ्या जाती-भाषांच्या माणसांना एका सतरंजीवर आणतं आणि त्यातून शहरी माणूस घडतो, अशी त्यांची मांडणी. भाषा विद्यापीठीय आहे, पण चिकाटीने वाचावं असं पुस्तक.

पत्त्याचं महत्त्व सर्वांत जवळून कळतं ते नमिता देवीदयाल यांच्या ‘द म्युझिक रूम’ (2007) मध्ये. दहा वर्षांच्या मुलीला तिची आई केनेडी ब्रिजजवळ धोंडूताई कुलकर्णींकडे गाणं शिकायला घेऊन जाते. पुलाखालून लोकलचा खडखडाट, शेजारी नाचगाण्याची वस्ती असलेलं काँग्रेस हाउस, आणि एका खोलीत देव, तानपुरे आणि जयपूर-अत्रौली घराण्याचा अख्खा ठेवा. धोंडूताई भूर्जी खाँ आणि केसरबाई केरकर यांच्या शिष्या. अल्लादिया खाँसाहेबांपासून आलेली विद्या त्यांच्या गळ्यात होती, आणि ती अशा खोलीत राहत होती जिकडे पुलावरून जाणारा माणूस मान वळवूनही पाहणार नाही. शहर कलेला काय देतं आणि काय नाकारतं, याचा याहून नेमका पुरावा मला दुसऱ्या पुस्तकात सापडला नाही.

दुसरी वाट धोबीतलावाकडे जाते. गोव्याहून येणारे वादक तिथल्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरत. तियात्र या कोकणी संगीतनाट्याचा पहिला प्रयोगही मुंबईतच झाला, 1892 मध्ये. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये 1935 साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताज हॉटेलात येतो. अशा बँडांकडून गोंयकार वादकांनी जाझ उचललं आणि ते सिनेमात नेलं. ‘अलबेला’ (1951) हे त्याचं लखलखीत उदाहरण. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचं, पडद्यावर गिरणी कामगाराचा मुलगा भगवान, आणि साथीला गोव्याच्या आंतोनियो व्हाझ ऊर्फ चिक चॉकलेटचा बँड.

ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ (2008) थेट स्टुडिओत शिरतं. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा, अरेंजर ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा करायचा. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकलेल्यांना हे कागद समोर येताच वाजवता येत. मल्टिट्रॅक येण्याआधी गायक आणि वाद्यवृंद एकत्र टेक देत. शेवटच्या ओळीत एकाचा सूर घसरला की सगळ्यांनी पहिल्यापासून. तबकडीवर या वादकांची नावं नसत. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं आज आपण आदराने घेतो, त्यामागे अशा लेखकांचे कष्ट आहेत. बूथ यांनी वादक हयात असताना त्यांच्यासमोर बसून त्यांचं ऐकलं, हे त्यांचं मोठं काम.

तिसरा पत्ता गिरणगाव. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ (2004) मराठीत ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावाने आलं. कामगारांच्या तोंडून सांगितलेला हा इतिहास आहे. कोकणातल्या माणसाने भजन आणि शक्तीतुरा आणला, घाटावरच्याने तमाशा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने याच मातीतून राजकीय गाणं उभं केलं. त्याच्या शेजारी भीमराव कर्डक यांचं ‘आंबेडकरी जलसे: स्वरूप व कार्य’ ठेवून वाचायला हवं. स्वतः जलसा उभा करणाऱ्या माणसाने लिहिलेलं हे पुस्तक संगीताच्या कपाटात ठेवलं जात नाही, ही आपल्या रसिकतेची उणीव आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, चाळी रिकाम्या झाल्या. शाहिरीला नंतर ओहोटी लागली असं आपण म्हणतो. ती ऐकणाऱ्यांची वस्तीच उठली होती, हे या पुस्तकांमुळे लक्षात येतं.

आढावा घेताना एक खंत राहते. यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजीत लिहिली गेली, आणि त्यांचा कच्चा माल मात्र कितीदा तरी मराठी: मराठी आठवणी, मराठी वर्तमानपत्रं, मराठी माणसं. गणेशोत्सवातले मेळे, डबलबारीची भजनं, शिवाजी मंदिर गाजवणारे वाद्यवृंद, बेंजो पार्ट्या, लग्नातले बँडवाले यांच्यावर याच तोलाची पुस्तकं मराठीत व्हायला हवीत. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पेटीवाल्या बुवांना आणि ढोलकीवाल्या काकांना विचारावं लागतं की तुम्ही राहत कुठे होता, बिदागी किती मिळायची, समोर कोण बसायचं. हे सांगू शकणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. एखाद्या प्रकाशकाने, एखाद्या ग्रंथसंग्रहालयाने, चार तरुण लेखकांनी हे काम यंदाच हाती घ्यावं. पुढच्या दहा वर्षांत विचारायला माणूस उरणार नाही.