पथकात नाव घालण्याआधी

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात, गोंदिया जिल्ह्यात रोवणीची लगबग सुरू होते आणि त्याच धांदलीत एखाद्या दिवशी मूल घरी येऊन सांगते, की स्काऊटमध्ये नाव द्यायचे आहे. पालक बहुधा दोनच गोष्टी विचारतात: गणवेशाला किती खर्च येईल आणि दहावीला सवलतीचे गुण मिळतील का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गुणांचे नियम मात्र शासन वेळोवेळी बदलते, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाला काय मिळाले यावर न जाता शाळेतले चालू परिपत्रक पाहावे. खरी अडचण अशी, की या दोन प्रश्नांवर चौकशी संपते. उरलेले सगळे ‘शाळेचेच आहे ना’ या एका वाक्यावर सोडून दिले जाते. हा विश्वास चुकीच्या जागी ठेवला जातो, असे माझे म्हणणे आहे. चळवळीचे नाव मोठे आहे, पण नावाने मूल घडत नाही आणि सुरक्षितही राहत नाही. ते ठरते पथकाच्या रोजच्या कारभारावर, आणि तो कारभार पालकांना पाहता येतो.

आधी संस्था कोणती, हे पाहावे. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन उभी राहिली. मुलींची गाईड संघटना १५ ऑगस्ट १९५१ला तीत सामील झाली. जागतिक स्काऊट संघटनेची भारतातली मान्यता याच संस्थेकडे आहे. मिळत्याजुळत्या नावाच्या इतर संस्थाही देशात काम करतात. शिवाय रेल्वेची रचना वेगळी आहे. गोंदिया हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मुलांचा संबंध राज्याऐवजी रेल्वेच्या संघटनेशी येऊ शकतो. एवढ्यासाठीच नाव देताना पथकाची यंदाची नोंदणी कोणाकडे आहे, ती नूतन केली आहे का, हे विचारावे. प्रवेशापासून प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी ही चढण काही वर्षांची असते. मधले एक वर्ष नोंदणीच झाली नसेल, तर त्याचा फटका मुलाला बसतो आणि ते लक्षात येते नववी-दहावीत.

पण कागद चोख असूनही पथक पोकळ असू शकते. या चळवळीचे संस्थापक, इंग्रज सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, त्यात वीसेक मुले होती आणि ती लहान लहान गटांत वाटलेली होती. पुढे जे काही झाले त्याचा गाभा तोच राहिला: सहा-आठ मुलांचा संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक, आणि मोठ्या माणसाने शक्य तितके मागे राहणे. म्हणून पथक जिवंत आहे का, हे ओळखायची सोपी खूण संचलनात सापडत नाही. प्रजासत्ताकदिनी पावले जुळवून चालायला पंधरा दिवसांचा सराव पुरतो. आपल्या मुलाच्या संघात कोण कोण आहे, मागच्या बैठकीत त्यांनी स्वतः काय ठरवले, ते घरी विचारून पाहावे. मुलाला सांगता आले, तर पथक चालते आहे. ‘सर सांगतात ते करतो’ एवढेच उत्तर आले, तर मुलाला गणवेश मिळाला आहे, स्काऊटिंग अजून मिळायचे आहे.

पथकाच्या ‘खरी कमाई’ या उपक्रमाचे उदाहरण घ्या. मुलांनी कष्ट करून चार पैसे मिळवावेत, श्रमाची लाज जावी, हा त्याचा हेतू. कित्येक ठिकाणी आई पहाटे उठून भजी तळून देते, वडील सामान आणून देतात, मूल शाळेतल्या टेबलामागे उभे राहते आणि गिऱ्हाइकेही पालकच असतात. याला आनंदमेळा म्हणावे, हरकत नाही. पण कमाई आई-वडिलांची झाली आणि ती मुलाच्या नावावर चढली, हे मूल पाहत असते. इथे पालकांनी मदत आखडती घेणे हीच मोठी मदत.

आता सुरक्षिततेकडे. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्याकडे या विषयावर बोलणेच अशिष्ट समजले जाते. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संघटनेने फेब्रुवारी २०२०मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणारे ८२ हजारांहून अधिक दावे पुढे आले आणि भरपाईची योजना सुमारे २४६ कोटी डॉलरची ठरली. संशयित प्रौढांच्या फायली ही संघटना कित्येक दशके स्वतःजवळ ठेवत होती. त्यांतला मोठा भाग २०१२मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बाहेर आला. यातून घ्यायचा धडा परदेशी समाज बिघडलेला आहे असा नाही. प्रतिष्ठित संस्था आपले नाव जपायला गप्प बसते आणि त्या गप्पपणाची किंमत मूल मोजते, हा तो धडा आहे. एकटा प्रौढ एकट्या मुलासोबत बंद जागी कधीही राहणार नाही, हा नियम अशाच अनुभवांतून पक्का झाला. तोच प्रश्न आमगावात, देवरीत, अर्जुनी मोरगावातही विचारला पाहिजे: शिबिराला किमान दोन मोठी माणसे आहेत का, मुलींबरोबर प्रशिक्षित गाईड कॅप्टन आहे का, रात्री कोण कुठे झोपणार? आपल्याकडे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२चा पोक्सो कायदा आहे. अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबत ती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आपसात मिटवू’ हा पर्यायच कायद्याने ठेवलेला नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलाला पाठ हवा.

दुसरा धोका निसर्गाचा, आणि तो या जिल्ह्यात दाराशीच आहे. नवेगाव, नागझिरा, इटियाडोह, हाजरा धबधबा, कचारगडच्या गुहा आणि गावोगावचे मालगुजारी तलाव: शिबिरासाठी याहून चांगला मुलूख महाराष्ट्रात शोधावा लागेल. पण तलावाच्या पाण्याचा अंदाज काठावरून येत नाही, आणि जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला मण्यार चावली तर कधी कधी ते पटकन समजतही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेही वयाने कॉलेजातले. दक्षिण कोरियातल्या २०२३च्या जागतिक जांबोरीत, म्हणजे स्काऊट मेळाव्यात, ४० हजारांहून अधिक स्काऊट होते. तिथल्या उकाड्याने शेकडो आजारी पडले आणि ब्रिटन-अमेरिकेच्या तुकड्यांनी तळ लवकर सोडला. वेल्समध्ये २०१८ साली एक सोळा वर्षांचा स्काऊट कड्यावरून पडून मरण पावला, त्या प्रकरणात २०२४मध्ये ज्युरीने स्काऊट संघटनेच्या हलगर्जीपणावरही बोट ठेवले. म्हणजे पैसा, अनुभव, नियमावली सगळे असूनही चूक होते. मग संमतिपत्रावर सही करण्याआधी जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे, तिथे सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, पाण्यात उतरायचे असेल तर पोहणारा कोण, हे विचारणारा पालक भित्रा कसा?

यावर शिक्षकांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. सर्वेक्षणे, पोषण आहार, निवडणुकीची कामे सांभाळून हे गुरुजी पथक चालवतात, त्याचे वेगळे मानधन नसते. इतकी उलटतपासणी झाली तर पुढे कोण येईल? पण बेसिक आणि ॲडव्हान्स्ड कोर्स केलेल्या, हिमालय वुड बॅजपर्यंत पोचलेल्या स्काऊट मास्तरांना या प्रश्नांची तयारी प्रशिक्षणातच झालेली असते. ज्याला प्रश्नांचा राग येतो, त्याच्याविषयी पालकाला पुरेशी माहिती मिळते. शिवाय दोन मोठी माणसे हवीत असे म्हणायचे, तर दुसरे माणूस पालकांतूनही यावे लागेल. मागण्या करून घरी बसणे न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: इतका धोका असेल तर पाठवावेच कशाला? एका इंग्रज सेनाधिकाऱ्याची ही शंभर वर्षांपूर्वीची कल्पना, तिचा आज काय उपयोग? उगम साम्राज्यातला आहे हे खरे. सुरुवातीला भारतीय मुलांना त्यात जागाही नव्हती. म्हणूनच ॲनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय यांच्यासारख्यांनी स्वतःच्या स्काऊट संघटना काढल्या. त्यांनी पद्धत घेतली आणि मालकी नाकारली. आणि धोक्याचे म्हणाल, तर गोंदियातल्या मुलाला तलाव, साप आणि मे महिन्याचे ऊन पथकात न जाताही चुकत नाही. जखम बांधणे, नकाशा वाचणे, बुडणाऱ्याला दोर टाकणे हे शिकलेले मूल त्या परिसरात अधिक सुरक्षित असते. एनसीसी, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल), हरित सेना यांचेही आपापले मोल आहे, पण सहाव्या वर्षी छोट्यांच्या कब-बुलबुल विभागापासून सुरू होऊन मुलाच्या हाती निर्णय सोपवत नेणारी व्यवस्था शाळेत दुसरी नाही.

तेव्हा नाव जरूर घाला. त्याआधी एका बैठकीला जाऊन मागे बसा, स्काऊट मास्तरांचा आणि त्यांच्या जोडीदाराचा फोन नंबर घ्या, आणि शिबिराला एक माणूस कमी पडत असेल तर स्वतःचे नाव द्या.