बाईंनाही ठाऊक नसलेलं उत्तर

मुलांनो, इंग्रजीचा तास डोळ्यांपुढे आणा. बाई हातात पेन धरतात आणि विचारतात, "व्हॉट इज धिस?" सारा वर्ग एका सुरात ओरडतो, "पेन!" आता सांगा, ते पेन आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं का? होतं की! तुम्हाला शब्द येतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

असे प्रश्नही हवेत. त्यांनी शब्द पक्के होतात. पण उत्तर एका शब्दात संपतं आणि बोलणं काही सुरू होत नाही.

मीही बरीच वर्षं असंच विचारत होते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी इंग्रजीच्या तासाला कधी तोंड उघडत नसे. तिला येतच नाही, असं मी धरून चालले होते. एकदा तिला विचारलं, "व्हॉट डिड यू ईट धिस मॉर्निंग?" ती गप्प. एरवी मी लगेच "नेक्स्ट!" म्हटलं असतं. त्या दिवशी थांबले, मनात पाच आकडे मोजले. आणि ती हळूच म्हणाली, "आय ईट भाकरी. माय आजी मेक."

व्याकरण चुकलं खरं, पण दोन्ही वाक्यं तिची स्वतःची होती! मी म्हटलं, "ओह, युवर आजी मेड इट! ज्वारी ऑर बाजरी?" ती हसून म्हणाली, "बाजरी!" हे उत्तर मला खरंच ठाऊक नव्हतं. कमी पडत होता तो माझा प्रश्न, ती मुलगी नव्हे.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत तर आधी प्रश्न समजायचा, मग शब्द शोधायचे, मग ते जुळवायचे. वेळ लागणारच ना?

पालकहो, घरी "सफरचंदाला इंग्रजीत काय म्हणतात?" एवढ्यावरच थांबू नका. आज कुणाशी खेळलास, तेही इंग्रजीत विचारा आणि उत्तराची वाट पाहा. चूक झाली तरी मध्येच तोडू नका.

आणि मुलांनो, प्रश्न काय फक्त बाईंनीच विचारायचे? उद्या तुम्हीच त्यांना विचारा, "बाई, व्हॉट डिड यू ईट धिस मॉर्निंग?" बघा, किती सेकंद लागतात ते!