म्हशाच्या जत्रेचा बदलता बाजार

पौष पौर्णिमा जवळ आली की मुरबाडच्या एसटी स्टँडवर ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच चौकशी असते, "म्हशाला गाडी कधी?" कर्जत रस्त्यावरचं हे म्हसा गाव एरवी कधी मागे पडलं ते कळतही नाही. खांबलिंगेश्वराची, लोकांच्या भाषेत म्हसोबाची, जत्रा भरली की मात्र रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

कल्याणहून सरळ मुरबाड गाठणं सोयीचं. पण मला लांबची वाट आवडते. लोकलने आसनगावला उतरायचं, शहापूरच्या पेठेत चहा घ्यायचा आणि किन्हवली-सरळगाववरून रमतगमत मुरबाडला यायचं. दोन्ही बाजूंना भात कापलेली रिकामी खाचरं. जत्रेची वेळही त्यावरूनच समजते. झोडणी उरकलेली, भात विकून हातात चार पैसे आलेले आणि लग्नसराई तोंडावर. वर्षाची खरेदी करायची ती आत्ताच.

वीसेक वर्षांपूर्वी या खरेदीत बैल पहिला होता. माळावर दावणीच्या दावणी लागायच्या. गिऱ्हाईक आधी बैलाचा जबडा उघडून दात बघणार: अदत, दोनदाती, चारदाती, की जुळलेला. मग चालवून बघणार. भाव मात्र कुणाच्या कानावर पडायचा नाही. गुरांचा व्यापारी म्हणजे हेडी आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हातात हात घालत, बोटं दाबून आकडा सांगत. चेहरे कोरे. एखाद्याने झटका देऊन हात काढला की समजायचं, सौदा फिसकटला. भोवतालची पोरं सिनेमा बघावा तशी ही मूक घासाघीस बघत उभी असत.

पुढे पॉवर टिलर आला, भाड्याचा ट्रॅक्टर आला. मुरबाडच्या एमआयडीसीने घरटी एखादा गडी शेतावरून उचलला, आणि समृद्धी महामार्गाच्या चाहुलीने शहापूरकडच्या जमिनींचे भाव शेतीच्या हिशेबाबाहेर गेले. 2015 च्या कायद्याने राज्यात गोवंश हत्याबंदी आली, तेव्हा थकलेला बैल विकून नवा घेण्याचं गणितही बिघडलं. त्यानंतर करोना. तो सरतो न सरतो तोच सप्टेंबर 2022 मध्ये गुरांच्या लम्पी रोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले.

नांगराचा बैल असा मागे पडत असताना शर्यतीचा बैल पुढे आला. बैलगाडा शर्यतींवर 2014 साली बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. आता झूल, गोंडे, घुंगरांच्या माळा यांच्या दुकानात तरुणांची गर्दी दिसते. यातल्या कितीजणांनी कधी औत धरलं असेल, हा प्रश्न मी तिथे विचारत नाही. मार खायची माझी तयारी नाही.

घोंगड्यांच्या रांगेत मी सगळ्यात जास्त रेंगाळतो. देशावरून आलेले विक्रेते घडीवर घडी रचून बसलेले असतात. चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेलं नवं घोंगडं अंगाला टोचतं, त्याला लोकरीचा उग्र वास येतो. जुनी माणसं ते उजेडासमोर धरून वीण किती घट्ट आहे ते बघायची, कारण पावसात गुरांमागे जाताना तेच पांघरायचं असे. आज मुंबईकर गिऱ्हाईक विचारतं, "मऊ नाही का?" विक्रेताही तयारीचा, लगेच सोलापुरी चादर पुढे करतो.

पलीकडे विळे, कोयते, सुपं, टोपल्या. ही रांग अजून टिकून आहे, कारण भाजीच्या मळ्यात आणि भाताच्या खळ्यावर त्यांचं काम संपलेलं नाही. पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं मात्र प्लास्टिकच्या कागदाने केव्हाच हद्दपार केलं. शोभेच्या वस्तूंचं म्हणाल तर, शहापूरकडच्या वारली वाड्यांत लग्नात चौकाचं चित्र लिहितात ते तांदळाच्या पिठाने, कुडाच्या भिंतीवर. तीच चित्रं मला शहरातल्या प्रदर्शनात कपबशीवर छापलेली दिसली होती. जत्रेत असल्या वस्तू शोधायला गेलात तर निराश व्हाल. इथे येणारा माणूस शोभेची वस्तू घ्यायला आला असेल तर ती बैलासाठी.

जायचं असेल तर पौर्णिमेचा दिवस टाळा. त्या दिवशी नवस फेडणाऱ्यांचा आणि दर्शनाचा रेटा असतो. दुकानं पुढेही काही दिवस असतात. मधल्या वारी सकाळी गेलात तर विक्रेत्यांना बोलायला वेळ असतो, आणि घोंगड्याचा भावही जरा उतरतो.