उच्च माध्यमिक परीक्षांचा अभ्यास : वाचणे आणि आठवणे

१९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने १०+२+३ हा आकृतिबंध साऱ्या देशासाठी इष्ट मानला. त्यातील मधल्या दोन वर्षांवर विद्यार्थ्याचा पुढील मार्ग पुष्कळ अंशी ठरतो. परंतु अभ्यास कसा करावा हे मात्र त्याला क्वचितच शिकविले जाते. तो वाचतो, वाचलेले पुन्हा वाचतो, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतो. तिसऱ्या वाचनाला पाठ इतका ओळखीचा होतो की, तो आपल्याला येतो अशी त्याची खात्री पटते. ही खात्री फसवी असते. समोर असलेले ओळखणे वेगळे आणि पुस्तक मिटल्यावर ते आठवणे वेगळे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हा भेद स्पष्ट दिसतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणाऱ्यांना ८३ टक्के, तर लिहिणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र हेच प्रमाण अनुक्रमे ४० व ६१ टक्के झाले. आदल्या रात्रीच्या वाचनावर विद्यार्थ्यांची एवढी श्रद्धा का असते, याचे उत्तरही या आकड्यांतच आहे : दुसऱ्या दिवशी सकाळपुरते ते खरोखरच उपयोगी पडते.

आठवण्याचा हा सराव प्रत्येक विषयात मात्र एकाच तऱ्हेने करता येत नाही. गणितात सूत्र आठवण्याहून कोणती पद्धत वापरावी हे ओळखणे अधिक कठीण असते. संकलनाच्या प्रकरणात ‘आंशिक अपूर्णांक’ या शीर्षकाखाली वीस उदाहरणे असली, तर पद्धत शीर्षकानेच सांगून टाकलेली असते. विद्यार्थ्याकडे उरते ती केवळ आकडेमोड. प्रश्नपत्रिकेत शीर्षक नसते. २००७ मध्ये रोरर व टेलर यांनी चार घनाकृतींच्या घनफळांची उदाहरणे एका गटाला प्रकारवार आणि दुसऱ्याला मिसळून दिली. सरावाच्या वेळी प्रकारवार सोडविणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून सोडविणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिल्या गटाला २० टक्के, तर दुसऱ्याला ६३ टक्के यश मिळाले. तेव्हा निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून, त्या मिसळून सोडविणे श्रेयस्कर. सुरुवातीला चुका वाढतात. त्यामुळे धीर सोडण्याचे कारण नाही.

जीवशास्त्रात आकृती हीच कसोटी होय. सपुष्प वनस्पतींचा भ्रूणकोश कोऱ्या कागदावर काढू लागताच सात पेशींत आठ केंद्रके कशी, हा प्रश्न उभा राहतो, आणि मध्यवर्ती पेशीत दोन ध्रुवीय केंद्रके असतात हे तेव्हाच मनात ठसते. रसायनशास्त्रातील अभिक्रियांचेही पुष्कळसे असेच आहे.

इतिहासात सनावळी पाठ करणे निरर्थक नव्हे, पण ती कारणांना जोडली पाहिजे. १८५७ चा उठाव अवधमध्ये इतका का पसरला, या प्रश्नापुढे नुसते साल उपयोगी पडत नाही. १८५६ मध्ये कंपनीने अवधचे राज्य खालसा केले, तालुकदारांच्या जमिनी गेल्या, आणि बंगाल सैन्यातील अनेक शिपाई याच प्रदेशातील खेड्यांतून आलेले होते. हे तीन दुवे पुस्तक न पाहता एका परिच्छेदात गुंफता आले, म्हणजे साल आपोआप लक्षात राहते. भाषांच्या बाबतीत निबंध ‘तयार’ करून पाठ करण्याची प्रथा आहे. ती प्रस्तुत लेखकाला निव्वळ कालापव्यय वाटते.

या साऱ्यासाठी शिकवणीची गरज नाही. एक कोरी वही आणि जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात. त्या प्रश्नपत्रिका बहुतेक विद्यार्थी शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवतात. वास्तविक प्रत्येक प्रकरण संपल्यावर त्यातील संबंधित प्रश्न लगेच, आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने पुस्तक मिटून सोडवावेत. नंतर पुस्तक उघडून निसटलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरावेत, आणि पुढच्या वेळी अभ्यासाची सुरुवात त्या शाईतील ओळींपासून करावी.