धारच्या शिबंदीपासून सिंघान्याच्या कट्ट्यापर्यंत

सोनकच्छ कालीसिंधच्या काठी, देवासहून भोपाळला जाणाऱ्या रस्त्यावर. १८५७ साली हा परगणा ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. शेजारी देवासला पवारांची थोरली आणि धाकटी पाती, इंदुरास होळकर, धारला पुन्हा पवार. सरकारवरचा अविश्वास आणि हातातली बंदूक यांचे नाते या मुलखात कसे बदलत गेले, हे पाहायचे तर सुरुवात त्याच वर्षापासून करावी लागते.

१ जुलै १८५७ रोजी सआदत खान आणि त्याच्या साथीदारांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. गव्हर्नर जनरलचा एजंट कर्नल ड्युरँड तिथून निघाला तो आष्ट्यामार्गे सिहोरला पोचला. दुसरे तुकोजीराव होळकर इंग्रजांशी एकनिष्ठ असल्याचे सांगत राहिले, पण ड्युरँडच्या मनातला संशय गेला नाही. अविश्वास दोन्ही बाजूंनी मुरला होता.

धारची कथा अधिक गुंतागुंतीची. त्या वर्षी मे महिन्यात यशवंतराव पवार वारले आणि गादीवर तेरा वर्षांचे आनंदराव आले. दरबाराने अरब, मकराणी, विलायती शिबंदी ठेवली होती. ऑगस्टअखेरीस याच शिबंदीने किल्ला ताब्यात घेतला. २२ ऑक्टोबरला इंग्रजी फौजेने वेढा घातला, तोफांनी तटाला भगदाड पाडले. पण महिनाअखेरीस सैनिक आत शिरले तेव्हा किल्ला रिकामा होता. शिबंदी रात्रीतून निसटून मंदसोरच्या दिशेने गेली होती.

शिबंदी गेली, झळ बसली ती मागे राहिलेल्यांना. धार संस्थान खालसा झाले. १८६० मध्ये ते आनंदरावांना परत मिळाले खरे, पण बैरसिया परगणा कायमचा भोपाळच्या बेगमकडे गेला. अमझेऱ्याच्या बख्तावरसिंहांना तर संस्थानाबरोबर प्राणही गमवावे लागले. त्यांच्या लोकांनी जुलैत भोपावरच्या एजन्सीवर चाल केली होती. १० फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना इंदुरात फाशी दिले गेले आणि अमझेरा शिंद्यांच्या पदरात पडला. मला हा हिशेब फार बोचतो. एका राजाचे बंड दुसऱ्या राजाच्या मुलखात भर घालून गेले. रयतेला कुणी विचारलेच नाही.

पुढे विजेत्यांनी शस्त्रांवर कायद्याचा बंदोबस्त केला. १८७८ च्या मार्चमध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरचा कायदा आणि शस्त्रांचा कायदा असे दोन्ही एकापाठोपाठ आले. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, गोऱ्यांना सूट होती. संस्थानी मुलखाला हा कायदा थेट लागू नव्हता, पण सरकारचे आपल्याविषयीचे मत त्यातून साऱ्या देशाला कळले. वर्तमानपत्रांचा कायदा लिटननंतर आलेल्या रिपनने मागे घेतला, शस्त्रांचा राहिला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. नि:शस्त्र करणे हा अपमान आहे, ही भावना तेव्हा जहाल आणि मवाळ दोघांचीही होती. त्या भावनेचा मी आदर करतो. जे सरकार लोकांनी निवडलेले नाही, त्याने लोकांचे हात रिकामे करावेत, यात न्याय नव्हताच.

पण शस्त्र हाती आले की ते कुणावर चालेल, याची हमी भावना देत नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींवर झाडलेले बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवलेले होते. परकी सत्ता तोवर गेली होती. समोर होता प्रार्थनेला निघालेला म्हातारा माणूस. त्या गोळीला प्रतिकार म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमणार नाही.

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला. परवाना राहिला, वंशभेद गेला. आणि आज धार जिल्ह्याचे नाव शस्त्रांच्या बातमीत येते ते मनावर तालुक्यातल्या सिंघान्यासारख्या गावांमुळे. बडवाणीचे उमर्टी, खरगोनचे सिगनूर, बुऱ्हाणपूरचे पाचोरी हीही त्याच यादीत. इथले गावठी कट्टे सातपुडा ओलांडून चोपड्याकडून जळगावात, पुढे पुण्यामुंबईला पोचतात. घडवणारे बरेचसे सिकलीगर, पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रांना धार लावणारे, घडवणारे कारागीर. संपूर्ण समाजाला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे आहे. पण या कट्ट्यांमागे कुठलाही विचार नाही, हेही तितकेच खरे. खंडणी, टोळीयुद्ध, भाऊबंदकी यांतच ते वाजतात.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रे घडवणे-विकणे यांची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली. शिक्षा हवीच, तिने घडवणारा पकडला जातो. पण त्याच्या मुलाला सिंघान्यातच दुसरा धंदा मिळावा, याची सोय त्या कायद्यात नाही. ती शासनाच्या दुसऱ्या खात्यांनी करायची आहे, आणि ती वेळेवर झाली पाहिजे.