ऐंशी ग्रॅम टीसीएल

18 जुलै 2021, रविवार. आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शिरलं, विजेची यंत्रणा बंद करावी लागली आणि मुंबईच्या बहुतेक भागांतले नळ कोरडे पडले. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, सगळीकडे तीच स्थिती. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आणि मोरीत थेंब नाही. नळ पुन्हा सुरू झाले तेव्हा महापालिकेनं पाणी उकळून प्या असं सांगितलं. पावसाच्या त्याच रात्री माहुल आणि विक्रोळीत दरड-भिंती कोसळून माणसं गेली, त्यामुळे पाण्याची बातमी मागे पडली. ते साहजिकच होतं. पण आशियातल्या सर्वांत मोठ्या शुद्धीकरण केंद्रांपैकी एक आपल्या दारात असताना, ते एका रात्रीत बंद पडू शकतं आणि तेव्हा काय करायचं हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं, हे त्या दिवशी उघडं पडलं.

आपत्तीत धावून जाणाऱ्यांची उपनगरांत कधीच वाण नव्हती. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला जेमतेम 73. म्हणजे मार खाल्ला तो उपनगरांनीच. मिठी नदीकाठचं कुर्ला आणि कलिना बुडालं, साकीनाक्याला दरड वस्तीवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळांची पोरं वडापाव, बिस्किटं, चादरी घेऊन बाहेर पडली होती. मीही त्यांत होतो. घाटकोपरच्या एका गल्लीत आम्ही तीन दिवस हाफ पँटवर, पायात साध्या चपला घालून, कमरेएवढ्या पाण्यातून पिशव्या पोचवत होतो. एकाच्या पोटरीला पत्रा लागला होता. त्यानं रुमाल बांधला आणि पुन्हा पाण्यात उतरला. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोचा जंतू अशाच जखमेतून आत शिरतो, हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये रुग्णालयं तापाच्या रुग्णांनी भरली, लेप्टोनं माणसं गेली. आमचा तो मित्र वाचला, पण बारा दिवस खाटेवर होता. आज महापालिका दर पावसाळ्यात बजावते की साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सीसायक्लिन घ्यावी. एवढं एक वाक्य तेव्हा आम्हांला माहीत असायला हवं होतं.

आपत्तीत लोकांचं पाणी आणि स्वच्छता सांभाळण्याच्या कामाला जगभर ‘वॉश’ म्हणतात: पाणी, संडास, हातपाय-अंगाची स्वच्छता. ते शिकवावं लागतं, हे जगानं फार मोठी किंमत मोजून मान्य केलं. जुलै 1994 मध्ये रवांडातून पळालेले लाखो लोक झैरेतल्या गोमाजवळ येऊन बसले. जमीन लाव्ह्याची; चर खणता येईना, पाणी सरोवराचं. कॉलरा आणि हगवणीनं महिनाभरात सुमारे पन्नास हजार माणसं गेली. मदत करणाऱ्या संस्था तिथे पुष्कळ होत्या, पण कुणाची मोजमापं कुणाशी जुळत नव्हती. त्यातून 1997 मध्ये ‘स्फिअर’ या किमान मानकांची आखणी सुरू झाली. माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी. अडीचशे माणसांमागे एक नळ. रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहावं लागू नये. वीस जणांमागे एक संडास, अगदी पहिल्या दिवसांत निदान पन्नास जणांमागे एक. आसल्फ्याच्या डोंगरावर राहणारी बाई हे आकडे ऐकून म्हणेल, आमच्याकडे तर रोजच आपत्ती आहे. तिचं म्हणणं खोटं ठरवता येणार नाही.

याच्या आधीचं एक उदाहरण आपल्या देशातलंच आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे कॉलराच्या रुग्णांसाठीचं सलाईन संपत आलं. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला शिकवलं. तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चार टक्क्यांच्या खाली आला. औषध स्वस्तच होतं. ते पाजणारे हात तिथल्या तिथे तयार केले, ही त्या डॉक्टरांची खरी करामत.

आपल्याकडे शिकवणाऱ्या जागा आहेत. आपत्तीत काम करणाऱ्या इंजिनिअरांची ‘रेडआर’ ही संस्था ब्रिटनमध्ये 1980 मध्ये निघाली. तिची भारतातली शाखा पुण्यात आहे आणि वॉशचे अभ्यासवर्ग ती घेते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाची स्वतंत्र प्रशाला आहे. पुण्याजवळ सुदुंबरेला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, तिचं पथक अंधेरीत असतं. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. तरीही माझी तक्रार आहे. प्रशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोर, स्ट्रेचर, बोट येते. बुडत्याला काढणं मोलाचंच आहे, पण ते काम तासांचं. त्यानंतर महिनाभर शाळेच्या वर्गात झोपणाऱ्या चारशे माणसांना काय प्यायला द्यायचं आणि त्यांनी कुठे बसायचं, याची तालीम मागेच राहते.

ती तालीम कशी असते, हे मी मुलुंडला एका रविवारी पाहिलं. शाळेचा हॉल, पंचवीस-तीस पोरंपोरी, बहुतेक कॉलेजातली. शिकवणाऱ्या गृहस्थांनी टीसीएल पावडरचं पोतं उघडलं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर; गावोगावचे जलसुरक्षक विहिरीत टाकतात तीच. त्यांनी फळ्यावर मांडलं: टँकर दहा हजार लिटरचा. लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरिन द्यायचं, म्हणजे एकूण वीस ग्रॅम. पावडरीत क्लोरिन पंचवीस टक्के असेल तर पावडर लागेल ऐंशी ग्रॅम. मुलांनी पटापट वह्यांत उतरवलं. मग ते म्हणाले, ‘‘आता वास घ्या.’’ पोतं गेल्या वर्षीचं, तोंड नीट न बांधलेलं, दमट हवेत ठेवलेलं. खडे झालेले. वास जवळजवळ नाहीच. ‘‘हिच्यात आता बारा टक्के असेल की पाच, देव जाणे. तुमचं ऐंशी ग्रॅमचं गणित बरोबर आहे आणि पाणी मात्र तसंच घाण.’’

मग ते पाण्यात क्लोरिन उरलंय का हे रंगावरून दाखवणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीकडे वळले. पावडर बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला, वरची निवळ पिंपात ओतून ढवळली आणि अर्धा तास थांबले. त्या अर्ध्या तासातच पोरांची चुळबुळ सुरू झाली. छावणीत रांग लागलेली असताना हाच अर्धा तास सर्वांत कठीण जातो, असं ते सांगत होते. मग काचेच्या नळीत पिंपातलं पाणी आणि ओटीचे थेंब. रंग आलाच नाही. दुसरी मात्रा, पुन्हा अर्धा तास. या वेळी लिंबाच्या सालीसारखा फिका पिवळा रंग चढला. नळी हातोहात फिरली. पुढच्या पिंपात त्यांनी मुद्दाम चिखल कालवला; तीच मात्रा टाकली आणि पुन्हा रंग गायब. गढूळ पाणी क्लोरिन खाऊन टाकतं, म्हणून आधी तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, मग टीसीएल. पुस्तकात हे एका ओळीत असतं. तीन वेळा फसल्यावर ते हातात बसतं.

ज्ञान हातात नसलं की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात पाणी उपसा केंद्रंच बुडाली. कोल्हापुरात चारी बाजूंनी पंचगंगा आणि शहरात टँकरची वाट. 22 जुलै 2021 ला महाड आणि चिपळूण बुडाले. पाणी उतरल्यावर घराघरांत चिखल उरला. मुंबई-ठाण्याहून पालिकांची सफाई आणि आरोग्य पथकं गेली, उपनगरांतून टेम्पो भरभरून मदतही गेली. बाटलीबंद पाण्याचे खोके गेले, ते चार दिवस पुरतात. नंतर रिकाम्या बाटल्यांनी गटारं तुंबतात. त्याच टेम्पोत दोन बंद डबे टीसीएल, ओटीची बाटली, झाकणाची आणि तोटीची पिंपं, साबण, गमबूट, हातमोजे गेले असते, तर महिना निघाला असता.

आणि बायका. निवारा केंद्रात बाईमाणूस संध्याकाळनंतर पाणी प्यायचं सोडते, कारण संडास लांब, दिवा नाही, आतून कडी नाही. ‘स्फिअर’ सांगतं की बायकांचे तीन संडास असतील तर पुरुषांचा एक, आतून बंद होणारे, उजेड असलेले. पाळीचे कपडे किंवा पॅड कुठे धुवायचे, कुठे टाकायचे, हे त्यांनाच विचारून ठरवा असंही सांगतं. मुलुंडच्या त्या हॉलमध्ये हा विषय निघाला तेव्हा मुलगे वहीत मान घालून बसले. शिकवणाऱ्यांनी थांबून प्रत्येकाकडून मोठ्यानं एक प्रश्न विचारून घेतला. पूरग्रस्त बाईसमोर लाजून गप्प बसणारा स्वयंसेवक तिच्या कामाचा नाही.

माझं मागणं साधं आहे. उपनगरांत हे काम रोज करणारी माणसं आहेत: कुठली चावी किती आटे फिरवली की कुठल्या चाळीला किती वाजता पाणी चढतं हे अंधारात सांगणारा पालिकेचा चावीवाला, डोंगरावरच्या वस्तीत पाइप जोडणारा प्लंबर, सार्वजनिक शौचालय सांभाळणारं कुटुंब, घरोघर फिरणाऱ्या आरोग्य सेविका, गटारात उतरणारा सफाई कामगार. प्रशिक्षणात त्यांना बोलावतात ते बहुधा ऐकायला. त्यांना फळ्यापाशी उभं करायला हवं, मानधन देऊन, आणि पदवीधरांनी खाली बसायला हवं. प्रत्येक वॉर्डात पावसाआधी असा एक रविवार झाला, तर मे महिन्यातच कळेल की पोत्यातली पावडर मेलेली आहे.

त्या दिवशी हॉलच्या दाराशी एक बाई उभ्या होत्या. शाळेत साफसफाई करणाऱ्या. दुसऱ्या मात्रेनंतर पाणी पिवळं झालं तेव्हा त्या आत आल्या, पदरानं हात पुसला आणि पोत्यातली पावडर बोटांत चुरून पाहिली. ‘‘हे आमच्या टाकीत टाकतात तेच ना?’’ त्यांनी विचारलं. ‘‘मग वरच्या टाकीचं पाणी पण बघा की.’’ शिकवणाऱ्यांनी नळी धुतली. दोन मुली आणि त्या बाई जिन्यानं गच्चीवर गेल्या. दहा मिनिटांनी खाली आल्या तेव्हा नळी मुलीच्या हातात होती, आणि तिच्यातल्या पाण्याला अजिबात रंग नव्हता.